गोपाळरावचा बंदोबस्त

८ फेब्रुवारी १९७०, रविवार. संध्याकाळी ७.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते. मला आतापर्यंत टाइम नव्हता. नागपूर महापालिकेत नगरसेवक होऊन वर्ष होत आलं. सकाळी वॉर्ड, दुपारी बर्डीवर सायकलचं दुकान, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. वॉर्ड म्हणजे बहुतेक आमच्या घराचा ओटा, कारण लोक तिथेच येतात. भाषा शुद्ध ठेवणार. घरात बोलतो तसं इथे उतरू द्यायचं नाही.

सुरुवात करायचं कारण गोपाळराव.

आज आमच्या शिवकृपा लेआउटात सभा ठेवली होती. प्रताप नगरच्याही पुढे, शेतं मोडून पाडलेले हे प्लॉट. सतरंज्या टाकल्या, स्पीकर लावला. मी चाळीस मिनिटं बोललो. रंग भरत आला असताना गोपाळराव उभा राहिला. म्हणाला, "चंद्रभानजी, भाषण झालं असंन तर एक विचारतो. नळ कधी येऊन राहिला?"

मी म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे.

तो म्हणाला, "पथच नाही जी आपल्या इकडं. प्रगती चालंन कुठून?"

लोक हसले. बराच वेळ हसले. स्पीकरवालासुद्धा हसला, आणि त्याला मी बोलावलं होतं. बायकांच्या बाजूचं एक हसणं ओळखीचं वाटलं. माझी बायको इंदू म्हणते, ती खोकत होती.

हा गोपाळराव आमच्याच गल्लीत, तोंडावरच्या प्लॉटवर राहतो. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर. बायको वारली, मुलगी भिलाईला. उद्योग नाही म्हणून अर्ज लिहितो. वर्षात मला अकरा अर्ज दिले आणि अकराही वेळा माझी पोच घेतली. एवढे अर्ज वाचायला मी काय रिकामा आहे.

सूडबुद्धी माझ्या स्वभावात नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पण गोपाळरावचा बंदोबस्त केल्याशिवाय राहणार नाही. मुदत होळीपर्यंत.

९ फेब्रुवारी

गोपाळरावला नमस्कार बंद. सकाळी समोरून आला. मी सायकलवरून उतरून चेनकडे बघत राहिलो. त्यानं नमस्कार केला, खाली बसला, चेन हातानं फिरवून पाहिली, म्हणाला चेन बरोबर आहे, तेल द्या. माझं सायकलचं दुकान आहे, हे त्याला माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

अतिक्रमणाच्या इन्स्पेक्टरला चहाला बोलावलं. सहज विषय काढला की आमच्या गल्लीत काही कंपाउंड वॉल रस्त्यात आलेल्या दिसतात, विशेषतः तोंडावरची. नाव घेतलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

इन्स्पेक्टर म्हणाला, सगळी गल्ली मोजतो. मी म्हणालो, अवश्य.

२० फेब्रुवारी. दुपारी.

गल्ली मोजली. गोपाळरावची भिंत त्याच्या हद्दीच्या एक फूट आत निघाली. इन्स्पेक्टरनं विचारलं तर म्हणाला, लोकायले जाया-याले जागा पायजे म्हणून सोडली.

माझी चौदा इंच बाहेर निघाली.

इन्स्पेक्टरनं हे गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सरकारी माणसाला आवाज कुठे वापरावा ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी

भिंत पाडली. मी स्वतः होऊन आदर्श घालून दिला, असं वॉर्डात कळवलं आहे. लोकांचा विश्वास बसलेला दिसतो, निदान कोणी समोर काही बोललं नाही. तुळस उघडी पडली म्हणून इंदू सकाळपासून बोलत नाही.

गोपाळराव आला आणि विटा उचलून एकावर एक रचू लागला. मी नको म्हणालो तरी ऐकेना. विटा फार छान रचल्या. अपमानाचे अनेक प्रकार असतात.

५ मार्च

मोठी बातमी. आमच्या भागाची पाण्याची लाइन मंजूर झाली. मेन रोडवरून फाटा निघून आमच्या गल्लीत येणार. आधी गोपाळरावचं घर, मग चार घरं, मग कोपऱ्यावर मी. ज्याच्या दारावरून लाइन जाईल त्याला घरात कनेक्शन. शेवटी, म्हणजे माझ्या ओट्याजवळ, एक सार्वजनिक नळ.

आनंद झाला. मग लक्षात आलं की लेआउटात पहिल्या प्रथम नळ उघडेल तो गोपाळराव. तो नळाखाली पाय धूत बसेल आणि मी अजून कनेक्शनची वाट पाहत असेन. जेवण गेलं नाही.

७ मार्च

उपाय सापडला. इतका सोपा की आधी का सुचला नाही.

लाइन गोपाळरावच्या भिंतीच्या अलीकडेच डावीकडे वळवायची. तिथून नाला ओलांडून वस्तीत. नाल्यापलीकडची ती वस्ती माझ्याच वॉर्डात येते. शंभरेक घरं, मजूर माणसं, चौकात निळा झेंडा आणि विहाराची पत्र्याची खोली. मी तिकडे निवडणुकीत एकदा गेलो होतो. वस्तीत एक नळ द्यायचा, आणि लाइन वस्तीच्या मागून फिरवून पुन्हा नाला ओलांडून माझ्या घराच्या पाठीमागून आणायची. गोपाळराव मधल्या मधे कोरडा.

आमच्या गल्लीतली बाकीची चार घरंही कोरडी राहतील. पण त्यांनीही हसायला नको होतं.

९ मार्च

ओव्हरसियर रविंद्र जिचकार नकाशा घेऊन घरी आला. पोरगेला आहे, चष्मा आहे. मी लाल पेन्सिलनं नवी लाइन काढून दिली. त्यानं बोटानं लाइन मापली. म्हणाला, "साहेब, पाइप मंजूर आहे तेवढाच. वस्तीपर्यंत जाता जाता संपून जाईल. तुमचं घर राहून जाईल."

मी म्हणालो, तुम्ही फक्त कामाला लागा.

म्हणाला, "लेखी द्याल?"

दिलं. कारणाच्या रकान्यात 'लोकहित' लिहिलं. टेक्निकल माणसांना व्हिजन नसते. पाइप कमी पडला तर आणखी येतो. पाइप काय, कारखान्यात बनतो.

२२ मार्च

होळी. मुदत संपली. गोपाळराव रंग लावायला आला होता. मी लावून घेतला, कारण सणाच्या दिवशी नको. मुदत पाडव्यापर्यंत वाढवली.

२ एप्रिल

खोदकाम सुरू. दुकान दोन तास उशिरा उघडलं, पण हा सोहळा चुकवणं शक्य नव्हतं.

चर मेन रोडवरून सरळ गोपाळरावच्या भिंतीपाशी आली. तो लुंगीवर बाहेर येऊन उभा होता. भिंतीपासून चार हातांवर मजुरांनी चर डावीकडे वळवली. गोपाळराव चरीकडे बघत राहिला, मग त्यानं नाल्याकडे बघितलं. मग खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले.

मी ओट्यावरून सगळं पाहिलं. फार दिवसांनी बरं वाटलं. इंदूला म्हणालो आज पुरणपोळी कर. ती म्हणाली, आज काय आहे. मी म्हणालो, असंच.

७ एप्रिल. पाडवा.

बंदोबस्त मुदतीत पूर्ण. चर नाल्यापार गेली. गोपाळराव अजूनही नमस्कार करतो. माणूस मोडला की असा नरम पडतो.

११ एप्रिल

वस्तीतून जिजाबाई नावाची बाई चार बायका घेऊन आली. बिडीच्या कारखान्यात काम करते, वस्तीत तिचा शब्द चालतो असं दिसतं. चौदा तारखेला बाबासाहेबांची जयंती, त्या दिवशी नळाचं उद्घाटन तुमच्या हातानं करायचं, म्हणाली. मी होकार दिला. वस्तीविषयी मला पहिल्यापासूनच आस्था आहे. भाषणाची तयारी करतो.

१४ एप्रिल. दुपारी ४.

जसं घडलं तसं लिहितो.

वस्ती पताकांनी भरली होती. मला हार घातला, फेटा बांधला. नळाला निळी फीत होती. भाषण वीस मिनिटं, सगळी माणसं सारखी या विषयावर. टाळ्या चांगल्या.

मग जिजाबाई उभी राहिली. कागद नाही, काही नाही. म्हणाली, "लई नगरसेवक झाले, कोणी नाला ओलांडून नाही आला. या भाऊनं पाणी धाडलं. आन मले कळलं का लाइन भाऊच्या घरावरून जानार होती. सोताच्या घरचं पानी सोडून देलं भाऊनं आमच्यासाठी. असा मानूस मी पाह्यला नाही."

टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

मला वाटलं बाईचा काही गैरसमज झाला आहे. लाइन पुढे माझ्याकडे येणार आहे. मागे जिचकार उभा होता, त्याला हळूच विचारलं, पुढची चर कधी खोदणार. तो म्हणाला, "पाइप संपला साहेब. हा नळ म्हणजे शेवट. मी बोललो होतो."

माझ्या गळ्यात हार होता. काही करता आलं नाही. हात जोडून उभा राहिलो.

फीत कापली, नळ उघडला. जिजाबाईनं पहिला गिलास भरला आणि माझ्यापुढून नेऊन तिसऱ्या रांगेत बसलेल्या गोपाळरावला दिला. म्हणाली, पहिला गिलास अर्ज लिवणाऱ्याले. तेव्हा मला कळलं की ते अकरा अर्ज आमच्या गल्लीच्या नळासाठी नव्हते. अकराही वस्तीच्या नळासाठी होते.

गोपाळराव उठला, गिलास घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मान तुमचा आहे जी." आणि पुन्हा पंच्यानं डोळे पुसले, त्या दिवशी चरीपाशी पुसले होते तसेच. तेव्हा तो दुःखानं रडत नव्हता तर.

मी त्याच्या हातचं पाणी प्यायलो. तीनशे माणसांसमोर.

१५ एप्रिल. दुकान.

गिऱ्हाइकाला चाकाचे छर्रे बांधून देताना हातात आलेला कागद ओळखीचा वाटला. गोपाळरावचा अर्ज. दुकानात पुड्यांना जुने कागद लागतात, त्यात गेले असतील. दोनतीनच उरलेत.

हा गेल्या जूनचा. खाली माझी पोच आहे. अक्षर मोत्यासारखं. लिहिलंय की वस्तीतल्या बायका पाण्यासाठी नाला ओलांडून दूरच्या शेतातल्या विहिरीवर जातात. लेआउटच्या विहिरीवर त्यांना आधी भरू देत नाहीत, आणि नंतर गढूळ उरतं. गोपिका, जिजाबाईची सून, वय एकोणीस, सातवा महिना, डोक्यावर पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड घेऊन येताना नाल्याच्या दगडावरून पडली. मूल गेलं. तरी कृपावंत होऊन नळाची सोय व्हावी.

गिऱ्हाइकाला छर्रे दुसऱ्या कागदात बांधून दिले.

आज गोपाळरावविषयी काही लिहायचं नाही.

१७ एप्रिल

पण अपमान तो अपमान. तो सभेत झाला होता आणि स्पीकरवर झाला होता. ती बाब वेगळी, ही वेगळी.

शिवाय नीट विचार केला तर वस्तीला पाणी मी दिलं. अर्जानं पाणी येत नाही, सहीनं येतं. सही माझी. वॉर्डात तसं कळवलं आहे.

२ मे

ऊन भयंकर. लेआउटच्या विहिरीत बादलीला खडखड लागते. गल्लीतल्या चार घरच्या बायका इंदूशी बोलत नाहीत. आमचं पानी तोडलं म्हणतात. मी त्यांना लोकहित समजावून सांगणार होतो, पण त्या दार लावून घेतात.

गोपाळराव रोज पहाटे एक बादली घेऊन नाला ओलांडतो, वस्तीच्या नळावर भरतो, शीळ घालत येतो. शीळ मला ऐकवण्यासाठीच असते.

६ मे

विहीर आटली. इंदू दोन गुंड घेऊन निघाली. मी म्हणालो, कुठं वं? म्हणाली, वस्तीच्या नळावर. मी म्हणालो, लोक काय म्हणतील, नगरसेवकाची बायको तिकडं पाणी भरते. म्हणाली, "लोकायनं काई म्हणो. तुमाले आंघोळ करा लागते का नाही, ते सांगा."

(भाषा तिची आहे, माझी नाही.)

९ मे

इंदूचं तिथे चांगलं जमलेलं दिसतं. जिजाबाईनं तिला अंबाडीची भाजी दिली. बोलताना 'जिजाबाई असं म्हणते', 'गोपिका तसं म्हणते'. गोपिकाला पुन्हा दिवस गेले आहेत, हेही मला जेवताना कळलं. माझ्या वॉर्डाची माहिती मला घरातून मिळते.

११ मे

नवा प्लॅन. मूळच्या लाइनीसाठी जादा पाइप मंजूर करून घ्यायचा. गल्लीतून लाइन सरळ माझ्या घरापर्यंत. गोपाळरावच्या दारावरून जाईल, पण त्याला कनेक्शन मिळणार नाही. रोज त्याच्या पायाखालून पाणी माझ्या घरी जाईल आणि त्याला ते फक्त ऐकू येईल. हे आधीपेक्षा चांगलं आहे.

१३ मे

पाणीखात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, लाइन तुम्हीच लेखी देऊन वळवली. आता वाढीव पाइप पाहिजे तर रहिवाशाचा रीतसर अर्ज लागेल, कारणांसह. मी म्हणालो, मी नगरसेवक आहे. म्हणाले, म्हणूनच सांगतो, अर्ज नीट लिहून आणा.

अर्धी रात्र— नाही, खरं लिहायचं तर दोन तास मी अर्ज लिहिण्याचा प्रयत्न करत आहे. 'वरील विषयास अनुसरून' याच्यापुढे काही सुचत नाही. भाषण येतं. अर्ज ही वेगळी विद्या आहे.

१६ मे. संध्याकाळी.

गल्लीतली चार घरं सहीसुद्धा देईनात. शेवटी इंदू म्हणाली, "तो सामनेच बसला आहे नं लिवणारा. काहून लाजता?" मी लाजत नव्हतो. गेलो.

गोपाळरावच्या खोलीत एक टेबल, एक दौत, एक टाक. बायकोचा फोटो. बसा म्हणाला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी काम सांगितलं. तो कागद काढून लिहू लागला. एका ठिकाणी टाक थांबला. विचारलं, "लाइन वळवण्याचं कारण काय लिवू?"

मी म्हणालो, लोकहित.

त्यानं लिहिलं. मग मान खाली ठेवूनच म्हणाला, "मले माहीत आहे जी लाइन काहून वळली. जिचकारनं नकाशा दाखोला होता. लाल पेन्सिलीचा."

मी भिंतीकडे बघितलं.

म्हणाला, "म्हणून तर मी चूप बसलो. अकरा अर्जानं जे झालं नाही ते तुमच्या रागानं होऊन राहिलं होतं. मले एकच भेव होतं, राग उतरला तर पाइप सरळ येईन. म्हणून रोज नमस्कार करत राहिलो. माह्या नमस्कारानं तुमचा राग वाढते, हे ध्यानात आलं होतं."

मी विचारलं, पण मग तुम्हालेही पाणी नाही भेटलं.

"मी एकटा मानूस. एका बादलीत भागते." मग अर्ज माझ्यापुढे सरकवला. "सही करा. इथं, रहिवासी म्हणून."

सही केली. त्यानं पोच मागितली. दिली.

घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसलो. एखाद्याचा सूड घ्यावा आणि त्यानं तो आपल्याकडून करवून घ्यावा, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

१८ मे

राग दुप्पट झाला आहे. आधी मी त्याच्यावर अपमानासाठी रागावलो होतो, आता रागासाठी रागावलो आहे. जादा पाइप आला की बघून घेतो.

२६ मे

अर्ज टपालानं परत आला. वर शेरा: 'संबंधित नगरसेवकांच्या शिफारशीसाठी.' संबंधित नगरसेवक मी, चंद्रभान लांजेवार. रहिवासी लांजेवार यांची गरज खरी असल्याची शिफारस नगरसेवक लांजेवार यांनी केली. 'जातीने पाहणी केली' असंही लिहिलं. ते खोटं नाही.

६ जून

उत्तर आलं. चालू वर्षात वाढीव पाइप देता येत नाही. 'अर्जदाराने नजीकच्या सार्वजनिक नळाचा उपयोग करावा. सदर नळ स्थानिक नगरसेवकांच्या विशेष प्रयत्नाने बसवण्यात आलेला आहे.'

दोनदा वाचलं. इंदूनं मागितलं तर दिलं नाही.

७ जून. सकाळी ८.

इंदू नाल्याच्या दगडावरून घसरली. पाय मुरगळला. गोपिका मागून येत होती, तिनं एका हातानं स्वतःचा गुंड धरला आणि दुसऱ्यानं इंदूला, म्हणून डोकं वाचलं. दोघींना जिजाबाईनं धरून घरी आणलं. गोपिकाला मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. लहान आहे. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, इंदूच्या पायाला हळद लावत होती. मला त्या अर्जातल्या ओळी आठवल्या. काही तरी बोलावंसं वाटलं. चहा घेणार का, एवढंच विचारता आलं.

त्या गेल्यावर इंदू म्हणाली, नाल्यावर दोन फरश्या टाकायले काय लागते?

मला सुचलं नव्हतं.

जिचकारला चिठ्ठी पाठवली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत होतो, शेवटी लिहिलं, बायका पडतात.

उद्यापासून पाणी मी आणणार. दुसरं कोण आहे.

८ जून

पाच वाजता दोन गुंड घेऊन नळावर. नळ पाच ते सात. रांगेत माझा नंबर एकतीस. मी पुढे होऊन जिजाबाईला नमस्कार केला. तिनं नमस्कार घेतला, जय भीम म्हणाली, आणि म्हणाली, "नंबरानं, भाऊ. तुमीच भाषनात सांगतलं, सगळे मानूस सारखे." मागं कोणी तरी हसलं.

माझ्या पुढे, तीस नंबरवर, गोपाळराव. अर्थात.

दोन तास त्याची पाठ बघत उभा होतो. सात वाजता त्याची बादली भरली, माझा पहिला गुंड अर्धा झाला आणि नळ गेला. त्यानं मागे वळून पाहिलं आणि आपली बादली माझ्या गुंडात अर्धी ओतली. मी नको म्हणालो नाही. इंदू तहानलेली होती.

निश्चय: उद्या गोपाळरावच्या आधी नंबर लावणार. बाकीच्या सगळ्या योजना रद्द. पाइप नाही, भिंत नाही, काही नाही. फक्त त्याच्या पुढं उभं राहायचं आणि त्यानं माझी पाठ पाहायची. एवढं तरी माझ्या हातात आहे.

९ जून. सकाळी ७.

आज गोपाळरावच्या आधी पाणी भरलं.

साडेचारला उठलो. इंदू म्हणाली, अंधारात नाला सांभाळून. पोचलो तर लोक यायचे होते, पण भांडी लागून होती. वस्तीत माणसाऐवजी भांडं ठेवलं तरी नंबर चालतो, हे मला माहीत नव्हतं. मोजली. बावीस. तेविसावी गोपाळरावची बादली, आणि तो तिच्याशेजारी उकिडवा बसून दात घासत होता.

त्याच्या बादलीपुढे, बाविसाव्या नंबरवर, तेलाचा एक रिकामा डबा होता. त्यावर मोत्यासारख्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं, चंद्रभानजी.

मी उभा राहिलो. तो चूळ भरून म्हणाला, "तुमाले दुकान उघडा लागते. माह्यं काय, रिकामा मानूस."

मी डबा उचलला, तिथे माझा गुंड ठेवला. सहा वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर आला, मग त्याचा. दोन्ही गुंड गच्च भरले. तो पूर्ण वेळ माझ्या पाठीमागे होता, हे ठरवल्याप्रमाणेच झालं.

निघताना डबा परत करायला गेलो. म्हणाला, "राहू द्या गा. उद्या बी लागंन."